जुन्या लॅपटॉपला वायफाय बसवायचंय: डोंगल, कार्ड की आणखी काही?

गावभागकर
नमस्कार मंडळी. आमच्या अण्णांकडे २००५ साली घेतलेला लॅपटॉप आहे. सेलेरॉन एम, ५१२ एमबी रॅम, विंडोज एक्सपी. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, गणेश मंडळांचे अहवाल, पतसंस्थांच्या वार्षिक सभेच्या पुस्तिका या सगळ्याची अक्षरजुळणी अण्णा अजून त्यावरच करतात. त्यांचं मराठीचं सॉफ्टवेअर एक्सपीवरच चालतं आणि त्याचं हार्डवेअर लॉक (जे लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही) मागच्या पॅरलल पोर्टला लागतं. म्हणून 'नवीन घेऊन टाका' हा सल्ला कृपया देऊ नका, तो पर्याय नाही.

अडचण अशी. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचा तळमजला गेला. तेव्हापासून इन्व्हर्टर, राउटर, सगळी कागदपत्रं वरच्या मजल्यावर. अण्णांचं टेबल मात्र खालीच, कारण गिऱ्हाईक खाली येतं आणि त्यांचे गुडघे जिना मानत नाहीत. काम झालं की पेनड्राइव्हमध्ये पीडीएफ घेऊन ते वर येतात, मी माझ्या कॉम्प्युटरवरून छापखान्याला पाठवतो. लग्नसराईत ही चढउतार त्यांना झेपत नाही.

या लॅपटॉपला आतून वायफाय नाही. बाजूला पीसीएमसीआयएचा (जुनी कार्डं सरकवायचा) स्लॉट आहे, दोन यूएसबी आहेत, लॅनचं भोक आहे. काय बसवावं? कुणी असं केलंय का?

शंभरफुटी
चारपाचशेचा पेनड्राइव्हसारखा यूएसबी डोंगल. विषय संपला. 😀

जुनाखोका
शंभरफुटी, एक्सपी म्हटलं की विषय इतक्यात संपत नाही. दुकानात आता वायफाय ६ चे जे डोंगल टांगलेले असतात त्यांच्या खोक्यावर विंडोज १० आणि ११ एवढंच छापलेलं असतं, आणि ते खरंच असतं. एक्सपीचा ड्रायव्हर त्यांना मिळत नाही. साधा १५० किंवा ३०० एमबीपीएसचा, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर (वायफायच्या २.४ आणि ५ या पट्ट्यांपैकी जुनीवर) चालणारा जुन्या पठडीतला डोंगल बघायचा. रियलटेकची ८१८८सीयूएस चिप असलेल्यांना एक्सपीचा ड्रायव्हर आहे. पण दुकानदाराला चिप माहीत नसते आणि कंपन्या एकाच मॉडेल क्रमांकाखाली आतली चिप बदलतात. टीपी-लिंकचा डब्ल्यूएन७२२एन हे त्याचं ठळक उदाहरण. पहिल्या आवृत्तीत एथेरॉसची चिप होती, दुसरीपासून रियलटेकची आली. नाव तेच, खोकंही जवळजवळ तेच, ड्रायव्हर निराळा. म्हणून खोक्यावर बारीक अक्षरात 'व्ही १', 'व्ही २' असं काय लिहिलंय ते वाचूनच पैसे द्यावेत.

गावभागकर, खरेदीआधी दोन गोष्टी बघा.

डिव्हाइस मॅनेजर उघडून यूएसबीच्या यादीत 'एनहान्स्ड' हा शब्द दिसतो का? दिसला तर यूएसबी २.०. नसेल तर पोर्ट यूएसबी १.१ चे, म्हणजे कागदावर १२ एमबीपीएस आणि हातात त्याच्या निम्मं. पीडीएफ पाठवायला तेही चालतं म्हणा.

दुसरं, लॅपटॉप पालथा करून झाकणं बघा. इंटेलने मार्च २००३ मध्ये सेंट्रिनो हा शिक्का आणला. पेंटियम एम, इंटेलचा चिपसेट आणि इंटेलचंच वायफाय कार्ड, हे तिन्ही असेल तरच तो शिक्का मिळायचा. सेलेरॉन एम असलेले लॅपटॉप स्वस्तात विकायचे म्हणून पुष्कळदा वायफाय कार्ड काढून विकले जात, पण आतला स्लॉट तसाच असायचा. २००५ चा आहे म्हणजे बहुधा मिनी पीसीआय जातीचा स्लॉट. तिथे कार्ड बसू शकतं, फक्त अँटेनाच्या वायरी आत टाकलेल्या आहेत का हे झाकण उघडल्याशिवाय कळणार नाही.

सातारी_कंदी
एक बाळबोध शंका. वायफाय नाहीच याची खात्री केली का? आमच्या ऑफिसातल्या एका लॅपटॉपला पुढच्या कडेला छोटं सरकतं बटण होतं, ते बंद असल्यामुळे सगळे 'वायफाय गेलं' म्हणत बसले होते.

गावभागकर
बटण नाही, दिवा नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये फक्त लॅन कार्ड दिसतं. 'एनहान्स्ड' मात्र आहे, म्हणजे यूएसबी २.० दिसतंय. झाकण रविवारी उघडतो, आठवडाभर काम सुरू आहे.

तंबोरा
मिरजेहून लिहितोय. डोंगल घ्या, कार्ड घ्या, पण भिंतींचं काय? गावभागातली जुनी घरं म्हणजे दीड-दोन फुटी दगड-मातीच्या भिंती. आमच्या वाड्यात माडीवर राउटर आहे आणि खालच्या सोप्यात फोनला एक काडी दिसते. नखाएवढ्या डोंगलमध्ये अँटेना ती केवढी! लॅपटॉपच्या मागे, टेबलाखाली, लोखंडी कपाटाशेजारी तो काय रेंज पकडणार?

यूएसबीची एक-दीड मीटरची एक्स्टेन्शन वायर घेऊन डोंगल खिडकीत टांगला तर फरक पडतो, हे करून बघितलेलं आहे. डोंगल बाहेर दांडी असलेला घ्यावा.

मीटरगेज
भावा, तो स्लॉट आहे ना बाजूला? मग पीसीएमसीआयएचं कार्डच टाक. कार्डाचा जाड तुकडा बाहेर राहतो, अँटेना त्यातच असते, लॅपटॉप खोलायचा नाही की काही नाही. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला जुन्या मालात सापडतं.

जुनाखोका
मीटरगेज यांच्याशी सहमत, पण दोन पथ्यं पाळून. या स्लॉटची दोन प्रकारची कार्डं असतात, जुनी १६ बिटवाली आणि नंतरची ३२ बिट कार्डबस. टोकाला जिथे भोकांची रांग असते तिथे वरच्या अंगाला बारीक उंचवटे असलेली सोनेरी पट्टी दिसली की ते कार्डबस. २००५ च्या लॅपटॉपला ते चालणार. एक्सप्रेसकार्ड मात्र वेगळं, ते यात बसत नाही. दुकानदार आग्रहाने देतील, घेऊ नका.

दुसरं पथ्य अधिक महत्त्वाचं. कार्डावर ८०२.११बी (वायफायची जुनी पिढी) एवढंच लिहिलेलं असेल तर फुकट दिलं तरी नको. ११ एमबीपीएसचा वेग ही त्याची लहान अडचण. त्यातली बरीच कार्डं डब्ल्यूईपी या वायफायच्या जुन्या, कमकुवत कुलपाच्या पुढे जातच नाहीत, आणि एका कार्डासाठी घरचा राउटर डब्ल्यूईपीवर नेणं म्हणजे अख्ख्या घराचं नेटवर्क गल्लीला मोकळं करणं. ते कुलूप काही मिनिटांत उघडतं. कमीत कमी ८०२.११जी आणि डब्ल्यूपीए२ हे पक्कं कुलूप पाहिजे. एक्सपीला सर्व्हिस पॅक ३ आहे ना? त्यात डब्ल्यूपीए२ अंगभूत आहे. पॅक २ वर असाल तर वेगळं अपडेट टाकावं लागतं.

द्राक्षबाग
चांगला धागा. माझाही प्रश्न यातच घुसडतो, राग मानू नका. मी तासगावचा. २०११ चा आय३ लॅपटॉप आहे, बेदाण्याचे सौदे आणि बागेचा हिशोब त्यावर बघतो. वायफाय आतच आहे पण फक्त २.४. आमच्या बिल्डिंगमध्ये २.४ वर एवढी गर्दी आहे की संध्याकाळी पान उघडत नाही. त्याला ५ गिगाहर्ट्झचं कार्ड बसेल का?

जुनाखोका
द्राक्षबाग, बसेल, आणि तुमचं काम गावभागकरांपेक्षा सोपं आहे. २०११ म्हणजे आत मिनी पीसीआय एक्सप्रेस हा पुढचा स्लॉट, बहुधा अर्ध्या लांबीचं कार्ड. इंटेल ७२६० एचएमडब्ल्यू हे त्या मापाचं कार्ड आहे, ५ गिगाहर्ट्झ चालतं, विंडोज ७ आणि लिनक्स दोन्हीकडे ड्रायव्हर आहे. मात्र 'एचएमडब्ल्यू' ही अक्षरं बघून घ्या. त्याच क्रमांकाचं एनजीडब्ल्यू आलं तर ते एम.२ या नव्या मापाच्या स्लॉटचं, तुमच्या स्लॉटला लागणार नाही. ब्लूटूथ मिळालं तर मिळालं म्हणा. कार्डाच्या यूएसबी तारांवर ते चालतं आणि जुन्या बोर्डांवर त्या तारा कधी जोडलेल्याच नसतात.

हल्ली लोक एम.२ चं कार्ड आणि अडॅप्टर पट्टी घेतात. तेही चालतं, पण एएक्स२०१ किंवा ९५६० घेऊन बसू नका. ती सीएनव्हीआय पद्धतीची कार्डं आहेत. अर्धं काम इंटेलच्या नव्या प्रोसेसरच्या बाजूला असतं, तुमच्या आय३ ला ती दिसणारसुद्धा नाहीत. एएक्स२०० घ्या.

आणि सगळ्यात आधी बघायची गोष्ट म्हणजे बायोसची (मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रॅमची) यादी. काही कंपन्यांनी आपल्या लॅपटॉपच्या बायोसमध्ये मोजक्याच कार्डांची नावं घालून ठेवली होती. यादीबाहेरचं कार्ड लावलं की मशीन सुरूच होत नाही, काळ्या पडद्यावर 'अनधिकृत कार्ड' असा संदेश येऊन थांबतं. तुमच्या नेमक्या मॉडेलवर कुठलं कार्ड चाललंय ते शोधूनच पैसे घाला. मला या प्रकाराचा मनस्वी राग आहे. स्क्रू काढून बदलता येईल असा भाग द्यायचा आणि आतून बंदी घालायची, हे ग्राहकावर अन्यायाचं आहे.

शंभरफुटी
५ गिगाहर्ट्झ भिंत ओलांडत नाही पण, हे त्यांना सांगा कुणीतरी.

तंबोरा
+१. एका खोलीत राउटर असेल तरच ५ चा उपयोग.

कुपवाडकर
मूळ प्रश्नाकडे येतो. अहो, लॅनचं भोक आहे असं त्यांनी लिहिलंय. कॅट ६ वायर १०० मीटरपर्यंत विनातक्रार चालते. माडीवरून खाली किती, पंधरा मीटर? जिन्याच्या कडेने पट्टी मारून आणा. ड्रायव्हर नको, चिप नको, रेंज नको. आम्ही एमआयडीसीत वर्कशॉपमध्ये जुनी सीएनसी मशिनं अशीच वायरने जोडलीयत, वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही.

गावभागकर
कुपवाडकर, वायरचा विचार पहिल्यांदा केला होता. जिना घराच्या बाहेरून आहे, मधे सामायिक बोळ, आणि तिथे शेजाऱ्यांची हरकत आहे. भिंतीला भोक पाडायला मिस्त्री तयार नाही, माती ढासळेल म्हणतो. पुराचं पाणी बसून गेलेल्या भिंती आहेत त्या. त्यामुळे वायर बाद.

कुपवाडकर
मग माझा दुसरा पर्याय ऐका. घरात जुना राउटर पडलाय का? इंटरनेटची कंपनी बदलली की प्रत्येकाच्या माळ्यावर एक राहतोच. त्याच्या सेटिंगमध्ये 'क्लायंट', 'ब्रिज' किंवा 'डब्ल्यूआयएसपी' असा पर्याय आहे का बघा. असेल तर तो राउटर वरच्या वायफायला फोनसारखा जोडला जातो आणि त्याच्या पाठीमागच्या लॅन पोर्टमधून एक हातभर वायर लॅपटॉपला. लॅपटॉपला वाटतं आपण साध्या वायरवर आहोत. एक्सपी, ड्रायव्हर, डब्ल्यूपीए२, सगळ्या कटकटी राउटरच्या माथी.

अण्णांचा लॅपटॉप टेबलावरून हलत नाही, पॅरलल पोर्टचं लॉक लावलेलंच असतं, मग बिनवायरीचं ते कशाला हवंय? वायर हवी आहे ती फक्त टेबलापुरती. आणि तंबोरांनी भिंतीचा मुद्दा काढलाय त्यालाही हेच उत्तर. राउटरच्या दोन दांड्या डोंगलपेक्षा कितीतरी बऱ्या, आणि त्याला रेंज मिळेल अशा खिडकीत ठेवून लॅनची वायर लांब घेता येते.

मीटरगेज
हे डोक्यात आलंच नव्हतं. कडक.

हरिपूरची
मंडळी, सगळे कार्ड आणि डोंगलमध्ये रमलेत. मला काळजी वेगळीच वाटतेय. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला बंद केला. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस आला तेव्हा अपवाद म्हणून त्यांनी एक्सपीला एक दुरुस्ती दिली होती, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते समजा. असं मशीन थेट नेटवर आणायचं? त्यात अण्णांची आयुष्यभराची कामं आहेत. पत्रिकांचे नमुने, पुस्तिका, फॉन्ट. एखाद्या खंडणीखोर व्हायरसने ते कुलूपबंद केलं तर?

शिवाय नेट आलं तरी काम होईल का, हा माझा साधा प्रश्न. अण्णा फाईल पाठवणार कशावरून? एक्सपीवर चालणारे ब्राउझर केव्हाच मागे पडलेत. व्हॉट्सॲप वेब त्यात उघडत नाही, मेलची पानं धड येत नाहीत. वायफाय जोडून झालं की त्या दिवशी हे लक्षात येईल. त्यापेक्षा त्यांना काय करायचंय ते आधी ठरवा. त्यांना इंटरनेट नकोय. त्यांना एक फाईल खालून वर पोचवायचीय. एवढंच.

शंभरफुटी
अँटीव्हायरस टाकला की झालं की.

हरिपूरची
कुठला? एक्सपीसाठी रोज अपडेट येणारा अँटीव्हायरस शोधायला गेलात की हाती फार काही लागत नाही. आणि खालच्या ऑपरेटिंग सिस्टीमलाच भोकं असतील तर वरून रंग देऊन भागत नाही. माझं मत ठाम आहे. एक्सपी घरातल्या नेटवर्कपुरता ठेवावा, बाहेर जाऊ देऊ नये.

सातारी_कंदी
लिनक्स टाकलं तर? अँटीएक्स नावाचं हलकं लिनक्स ५१२ एमबीत चालतं, ३२ बिटमध्ये मिळतं, आणि काही पेंटियम एम आणि सेलेरॉन एम 'पीएई' ही प्रोसेसरची सोय दाखवत नाहीत त्यांच्यासाठी वेगळा कर्नलही (लिनक्सचा गाभा) त्यात असतो. सध्याच्या एक्सपीशेजारी दुसऱ्या पार्टिशनवर.

गावभागकर
अँटीएक्स मी स्वतःसाठी नक्की करून बघेन. अण्णांना पत्रिका एक्सपीत करायची, मग रिस्टार्ट मारून लिनक्समध्ये जाऊन पाठवायची, असं सांगितलं तर त्यापेक्षा जिना चढतो म्हणतील.

हरिपूरची, तुमच्या प्रतिसादाने विचारात पाडलंय. 'फाईल खालून वर पोचवायची' हेच खरं. पण कशी? फोल्डर शेअर करून बघितलं होतं, ऑफिसमधून आणलेल्या वायरने तात्पुरतं जोडून. माझ्या विंडोज ११ ला एक्सपीचं फोल्डर दिसतच नाही.

जुनाखोका
दिसणार नाही. एक्सपी एसएमबीची, म्हणजे फोल्डर शेअर करायच्या भाषेची, पहिली आवृत्ती बोलतो, आणि वॉनाक्राय त्याच रस्त्याने घुसला होता. विंडोज १० च्या २०१७ च्या शेवटच्या मोठ्या अपडेटपासून ती आवृत्ती नव्या मशीनवर टाकलेलीच नसते. मुद्दाम चालू करता येते, पण करू नका. एका जुन्या मशीनसाठी नव्याचं दार उघडं टाकायचं, हे डब्ल्यूईपीसारखंच झालं.

यावर उपाय आहे आणि तो अण्णांच्या खिशात आहे. त्यांच्याकडे अँड्रॉइड फोन असेलच. पुष्कळशा फाईल मॅनेजर ॲपमध्ये 'एफटीपी' (नेटवर्कवरून फाईल पाठवायची जुनी पद्धत) किंवा 'पीसीवरून बघा' असा पर्याय असतो. तो सुरू केला की पडद्यावर 'एफटीपी' ने सुरू होणारा एक पत्ता येतो, त्यात आकडे आणि शेवटी पोर्ट. एक्सपीत माय कॉम्प्युटर उघडून वरच्या पट्टीत तो पत्ता टाकायचा. फोनचं फोल्डर साध्या खिडकीसारखं उघडतं. पीडीएफ ओढून त्यात टाकली की ती फोनमध्ये, आणि फोनवरून व्हॉट्सॲपने छापखान्याला. ब्राउझर नाही, इंटरनेट नाही, माडी नाही.

राउटरमध्ये फोनचा पत्ता कायमचा बांधून द्या म्हणजे रोज बदलणार नाही, आणि फोनमधला 'खाजगी मॅक' (फोनची नेटवर्कवरची ओळख बदलती ठेवणारा पर्याय) तेवढ्या वायफायपुरता बंद ठेवा, नाहीतर ते बांधणं टिकत नाही. मग डेस्कटॉपवर त्या पत्त्याचा शॉर्टकट. एफटीपीत पासवर्ड आणि फाईल उघड्याच जातात, तेव्हा हे घरच्याच वायफायवर करायचं आणि काम झालं की ॲपमध्ये बंद करायचं. फाईल जाताना अडकली तर इंटरनेट ऑप्शन्समध्ये 'पॅसिव्ह एफटीपी'ची खूण आहे का बघा.

हरिपूरची
हे मला पटलं. कुपवाडकरांच्या राउटरशी जोडून तर फारच. खालचा राउटर डब्ल्यूआयएसपीवर ठेवला तर एक्सपी त्याच्या आडोशाला राहतो. वरच्या नेटवर्कमधलं दुसरं कुठलंही यंत्र आपणहून एक्सपीपर्यंत पोचू शकत नाही, एक्सपी मात्र फोनपर्यंत पोचतो. आणि वरच्या राउटरच्या पॅरेंटल कंट्रोलमध्ये खालच्या राउटरचं इंटरनेट कायमचं बंद करून टाका. घरातल्या घरात फाईल जाते, बाहेर काही जात नाही.

एक लक्षात ठेवा, फोनला गेस्ट वायफायवर ठेवू नका. तिथे बहुधा घरातल्या बाकीच्या यंत्रांशी बोलायला बंदी असते.

कुपवाडकर
आणि दोन्ही राउटरचे घरातले पत्ते वेगळे पाहिजेत. वर १९२.१६८.१.१ असेल तर खालच्याला १९२.१६८.२.१ द्या. दोघांचे सारखे राहिले की काहीच चालत नाही आणि माणूस रेंजला शिव्या देत बसतो.

मीटरगेज
मग माझं पीसीएमसीआयए कार्ड गेलं का वाऱ्यावर? 😄

जुनाखोका
वाऱ्यावर कशाला, ज्याला लॅपटॉप मांडीवर घेऊन फिरायचंय त्याच्यासाठी तेच उत्तम. इथे टेबल ठरलेलं आहे म्हणून राउटर.

गावभागकर
रविवार. अण्णा लग्नाला गेलेत, लॅपटॉप पालथा करून बसलोय.

खाली दोन झाकणं. मोठ्याखाली रॅम. लहान झाकणाला एकच स्क्रू, त्याखाली आडवा स्लॉट, दोन्ही बाजूंना स्प्रिंगच्या पत्र्याच्या खुंट्या. कार्ड नाही. कडेला कापडी चिकटपट्टीखाली दोन वायरी दुमडून दाबलेल्या असतील असं वाटलं होतं. पट्टी उचलली, खाली मोकळी खाच. वायरी टाकलेल्याच नाहीत. पडद्याच्या चौकटीतून वायरी ओवायच्या तर अख्खा लॅपटॉप सुटा करावा लागेल, आणि बिजागरीपाशी प्लास्टिकला चीर आहे. झाकण परत लावलं.

माळ्यावर मागच्या कंपनीचा राउटर सापडला. त्यात क्लायंट वगैरे काहीच नाही, कंपनीने सगळं कुलूपबंद केलेलं. मामेभावाकडे दोन दांड्यांचा साधा राउटर पडून होता, त्यात 'डब्ल्यूआयएसपी' दिसतोय. तो आणलाय.

जुनाखोका
झाकण परत लावलंत ते उत्तम केलंत. ज्यांना वायरी सापडतील त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. एक वायर 'मेन'ला, दुसरी 'ऑक्स'ला, कुठला रंग कुठे ते कंपनीप्रमाणे बदलतं. टोकाचं गोल पितळी कनेक्टर ज्वारीच्या दाण्याहून लहान असतं. ते वायर ओढून कधीच काढायचं नाही, प्लास्टिकच्या पातीने सरळ वर उचलायचं. बसवताना आधी बरोबर मध्यावर टेकवून मग बोटाने दाबायचं, टिक असा आवाज येतो. ही कनेक्टर वारंवार काढघाल करण्यासाठी केलेली नाहीत, तीसेक वेळांचाच हिशोब धरलेला असतो. आणि कामाआधी बॅटरी आणि चार्जर दोन्ही काढून ठेवायचे.

द्राक्षबाग
माझी बातमी. ७२६० बसलं, बायोसने काही कुरकुर केली नाही. पण वायफाय जोडलं की कुठलीही साईट 'सुरक्षित नाही' म्हणते. बँक, मेल, सगळं. कार्ड खराब निघालं का?

शंभरफुटी
तारीख बघा लॅपटॉपची.

द्राक्षबाग
१ जानेवारी २०११! शंभरफुटी, तुम्ही कसं ओळखलं?

शंभरफुटी
कार्ड बसवताना बॅटरी काढलीत ना. आतली छोटी बॅटरी मेली असली की तारीख मागे जाते, आणि साईटच्या प्रमाणपत्राची मुदत त्या तारखेशी जुळत नाही. बोर्डवर नाण्यासारखी सीआर२०३२ असेल, नाहीतर वायर लावलेली असेल. बदलून टाका, स्वस्त असते. आता तुम्ही म्हणाल हा एका ओळीच्या पुढे लिहितो पण!

द्राक्षबाग
तारीख हाताने बदलली, सगळं उघडतंय. मनापासून आभार. बॅटरी कॉलेज कॉर्नरला मिळेल ना?

शंभरफुटी
मिळेल. घड्याळवाल्याकडेही असते.

गावभागकर
मंडळी, जमलं. राउटर बोळाच्या बाजूच्या खिडकीत ठेवलाय, तिथे तीन काड्या येतात. टेबलावर एक काडी होती. तिथून लॅनची वायर खिडकीच्या चौकटीने टेबलापर्यंत. वरचा राउटर २.४ आणि ५ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देत होता आणि डब्ल्यूपीए३ वर होता, खालच्या राउटरला तो सापडेच ना. २.४ ला वेगळं नाव दिलं, डब्ल्यूपीए२ केलं, तेव्हा जोडला गेला.

अण्णांच्या फोनवर एफटीपी सुरू करून दिलं, डेस्कटॉपवर शॉर्टकट. चाळीस पानी अहवालाची पीडीएफ ओढून टाकली, बघता बघता गेली. अण्णांनी लगेच चष्मा लावून फोनवर पान पान तपासलं आणि एका आडनावातला रफार शोधून काढला. वरच्या राउटरमध्ये खालच्याचं इंटरनेट बंद केलंय.

सर्वांचे आभार, विशेषतः कुपवाडकर, जुनाखोका आणि हरिपूरची.

हरिपूरची
वा! आता एक करा. त्या हार्डडिस्कची प्रत काढून ठेवा. २००५ ची डिस्क आहे ती.

जुनाखोका
हे अगदी तातडीने. त्या काळातल्या डिस्कला बहुधा आयडीईचं ४४ पिनांचं जुनं कनेक्शन असतं, साटा हे नंतरचं नाही. यूएसबीचा अडॅप्टर घेताना दोन्ही चालतील असा घ्या. सुट्या फाईली नकोत, पूर्ण डिस्कची प्रतिमा काढा, म्हणजे फॉन्ट आणि सॉफ्टवेअरसकट सगळं परत उभं करता येईल.

गावभागकर
अडॅप्टर मागवतो. ही डिस्क खोलून काढताना बिजागरीच्या चिरेकडे जायला लागेल का?

जुनाखोका
बहुतेक नाही, त्या काळात डिस्क कडेने ट्रेमध्ये सरकवलेली असायची, खालून एक-दोन स्क्रू. पालथ्या लॅपटॉपचा फोटो टाका, बघून सांगतो. मॉडेलचा स्टिकर दिसू द्या, सिरीयल नंबर झाका.